प्रभूचं येणं जवळ आलं आहे, आणि भावाचा हिशेब अजून बाकी आहे

दिवेलागण

सर्वांना ख्रिस्तामध्ये सलाम.

गेली वीसेक वर्षं मी बायबलमधल्या शेवटच्या काळाचा, म्हणजे प्रभू येशू पुन्हा येईल त्या काळाचा, अभ्यास करतो आहे. दानीएलाची सत्तर सप्तकं, प्रकटीकरणातले सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, सगळ्यांचे तक्ते मी हाताने काढून ठेवले आहेत. मंडळीत कोणाला या विषयावर काही विचारायचं असलं की माझ्याकडे पाठवतात.

मागच्या महिन्यात याकोबाचं पत्र वाचत होतो, पाचवा अध्याय. आठव्या वचनाखाली माझीच जुनी लाल रेघ आहे: प्रभूचं आगमन जवळ आलं आहे. ती रेघ कधी मारली तेही आठवत नाही. त्या दिवशी का कोण जाणे, नजर चार ओळी वर गेली. तिथे शेतं कापणाऱ्या मजुरांची गोष्ट आहे. त्यांची मजुरी मालकाने अडकवून ठेवली आहे, आणि ती अडकलेली मजुरीच ओरडते आहे. तिचा आवाज सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. मग पुन्हा खाली आलो. नववं वचन सांगतं की एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका, न्यायाधीश दाराशी उभा आहे.

वर मजुरी, खाली कुरकुर, आणि मधोमध आगमन. वीस वर्षं मी फक्त मधली ओळ वाचत होतो.

मला धाकटा भाऊ आहे. वडील गेल्यावर वाटणीचे कागद मी केले. तो काही विचारत बसला नाही, दाखवली तिथे त्याने सही केली, कारण मोठ्या भावावर त्याचा विश्वास होता. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगं नव्हतं. पण जे मोजायला हवं होतं ते सगळं मी मोजलं नाही, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दोन वर्षांनी त्याच्या लक्षात आलं. त्याला आता नऊ वर्षं होतील. आम्ही बोलत नाही.

त्या रात्री मी नव्या करारात ‘वेळ थोडा आहे’ अशा अर्थाची वचनं शोधत बसलो. ती मला पाठ आहेत. या वेळी फक्त त्यांच्या आजूबाजूला काय आहे ते पाहत गेलो. १ पेत्र ४:७ म्हणतं सर्वांचा शेवट जवळ आला आहे, आणि दोनच वचनांनंतर येतं की कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा. फिलिप्पैकरांस ४:५ मध्ये प्रभू समीप आहे, आणि त्याच वचनात तुमची सौम्यता सर्वांना कळून येवो. रोमकरांस १३:११ मध्ये झोपेतून उठायची वेळ झाली आहे, आणि तीन वचनं आधी आहे की प्रीतीच्या ऋणाशिवाय कोणाच्याही ऋणात राहू नका. जिथे जिथे आकाश उघडायची गोष्ट आहे, तिथे शेजारीच घरातलं एखादं राहिलेलं काम आहे.

म्हणून विचारतो. तयार राहणं म्हणजे तुमच्या लेखी नेमकं काय? मंडळी, म्हणजे सगळे विश्वासी, शेवटच्या संकटाच्या आधी स्वर्गात उचलली जाईल की नंतर, हजार वर्षांचं राज्य शब्दशः की आत्मिक, हा वाद मी पुष्कळ घातला आहे, तो इथे नको. तो येईल तेव्हा मी कसा सापडेन, एवढंच बोलू या.

पहारेकरी

दादा, तुमची तळमळ पोचली. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिन्हांकडे लक्ष देणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असा अर्थ यातून निघू नये. अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे ओळखा, असं खुद्द प्रभूने सांगितलं. या गोष्टी घडू लागल्या की डोकी वर करा, असं लूक २१:२८ मध्ये तोच म्हणतो. आज मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षं पुनरागमनावर एक संदेश होत नाही. २ पेत्र ३ मधले थट्टेखोर विचारतात की त्याच्या येण्याचं वचन कुठे गेलं. आपण तोंडाने तसं विचारत नाही, पण जगतो मात्र तसंच. चिन्हं पाहणाऱ्याला निदान एवढं तरी आठवणीत राहतं की कोणीतरी येणार आहे.

गव्हाचा_दाणा

पहारेकरी, आठवण राहिली पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण त्या आठवणीचं माणसं काय करतात याचा इतिहास फार दुःखाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, नंतर तो प्रचारक झाला. दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांचं गणित मांडून प्रभू १८४३-४४ च्या सुमारास येणार, असं तो शिकवू लागला. पुढे त्याच्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरला. लोक प्रामाणिक होते. काहींनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं, काहींनी धंदे बंद केले. २३ तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्या दिवसाला इतिहासात ‘महान निराशा’ म्हणतात. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओ प्रचारकाने २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर २०११. त्याच्या शब्दावर विसंबून काहींनी आयुष्याची पुंजी जाहिरातींवर खर्च केली. पुढल्या वर्षी त्याने जाहीरपणे चूक कबूल केली आणि तारीख सांगायला जाणं हेच पाप होतं असं म्हटलं. त्या कबुलीबद्दल मला त्याचा आदर वाटतो. पण गेलेली पुंजी परत आली नाही, आणि किती जणांचा विश्वास उडाला ते देवच जाणे.

तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं मत्तय २४:३६ सांगतं. जे पुत्राने पित्याच्या हाती राहू दिलं ते आपण का ओढून घ्यावं?

माझ्या मते या विषयावर सगळ्यात जास्त शिकवणारी मंडळी थेस्सलनीकाची. पौलाने तिला साधारण इ.स. ५०-५१ मध्ये लिहिलं, म्हणजे नव्या करारातल्या अगदी सुरुवातीच्या पत्रांपैकी ही पत्रं. तिथे कोणीतरी उठवलं होतं की प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे. परिणाम काय, तर काही जणांनी कामधंदा सोडला आणि ते दुसऱ्यांच्या घरांत लुडबुड करत हिंडू लागले. पौल त्यांना काय सांगतो पाहा. शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. ज्याला काम करायचंच नाही त्याने खाऊही नये. पहिल्या पत्रातही तेच: शांत राहण्याची हौस धरा, आपापला व्यवसाय सांभाळा, आपल्या हातांनी कष्ट करा. हे लिहून झाल्यावर तीनच वचनांत मेलेले उठण्याची आणि प्रभूच्या उतरण्याची ती थोर शिकवण सुरू होते. दिवेलागण यांना जे दिसलं ते इथेही आहे.

पहारेकरी

तारखांबद्दल तुमच्याशी वाद नाही. मी कधी तारीख काढली नाही, काढणारही नाही.

पण ‘जागे राहा’ या शब्दावर मी बरंच वाचलं आहे. त्यातलं एक दिवेलागण दादांसाठी लिहितो, कारण त्यांची भावाची गोष्ट वाचल्यापासून ते मनातून जात नाही.

प्रकटीकरण ३ मध्ये सार्दीसच्या मंडळीला प्रभू म्हणतो, जागृत हो, नाहीतर मी चोरासारखा येईन. सार्दीसच्या लोकांना हे शब्द फार झोंबले असतील. त्यांचा किल्ला उंच सुळक्यावर होता, तीन बाजूंनी सरळ कडे. तो कोणी जिंकू शकणार नाही अशी त्यांची खात्री. इ.स.पू. सहाव्या शतकात पारसाच्या, म्हणजे इराणच्या, कोरेश (सायरस) राजाने वेढा घातला. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की गडावरच्या एका शिपायाचं शिरस्त्राण कड्यावरून खाली पडलं आणि ते आणायला तो खाली उतरला. शत्रूच्या एका माणसाने ते पाहिलं. जिथून एक उतरतो तिथून दुसरा चढू शकतो. त्या बाजूला पहाराच नव्हता, कारण तिथून कोणी येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं. सुमारे तीनशे वर्षांनी तिसरा अँटिओकस या राजाच्या वेळी पुन्हा तेच. तटाच्या एका भागावर पक्षी निवांत बसलेले दिसले, त्यावरून तिथे माणूस नाही हे एकाने ताडलं, आणि शहर पडलं.

दोन्ही वेळा शहरात पहारेकरी होते आणि ते झोपलेलेही नव्हते. पण जी बाजू भक्कम म्हणून सोडून दिली होती तिथूनच शत्रू आत आला.

दादा, तुमचे तक्ते ही तुमची पहारा असलेली बाजू. माझीही तीच आहे. हे लिहिताना मी स्वतःला विचारतो आहे की माझ्या कुठल्या तटावर पक्षी निवांत बसले आहेत.

मार्था

हे सगळं वाचून मला जरा परकं वाटलं, म्हणून लिहिते. माझी आई अंथरुणाला खिळून आहे. चार वर्षं. रात्री दोनदा उठून कूस बदलावी लागते. उपासनेला जाणं महिन्यातून एखादेवेळी, तेही कोणी बसायला मिळालं तर. बायबल उघडलं की तिसऱ्या ओळीला डोळा लागतो. लूक २१:३४ मध्ये प्रभू म्हणतो, संसाराच्या चिंतांनी तुमची अंतःकरणं जड होऊ देऊ नका, नाहीतर तो दिवस फासासारखा येईल. माझं अंतःकरण जड आहेच. ‘जागे राहा आणि प्रार्थना करा’ हे ऐकलं की मला वाटतं, जागी तर मी आहे, प्रार्थना मात्र होत नाही. मग मी तयार नाही का?

कृपेचा_ऋणी

मार्थाताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी एक आक्षेप नोंदवतो. तो तुमच्याही कामाचा आहे.

हिशेब चुकते करा, मजुरी द्या, भावाला भेटा, हे सगळं योग्य. पण त्यालाच तयारी म्हटलं तर शेवटी आपण आपल्या कामांवर उभे राहतो. माझ्यासारख्या माणसाचे हिशेब कधीच पुरे होणार नाहीत. ज्यांना मी दुखावलं त्यांतले काही आता जगात नाहीत, त्यांच्याकडे कसा जाऊ? पौलाला स्वतःचं नीतिमत्त्व नको होतं, ख्रिस्तावरील विश्वासाने मिळणारं हवं होतं (फिलिप्पैकरांस ३:९). येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोराने कोणाची चोरी परत केली? त्याच्या हातांना खिळे होते. त्याने फक्त ‘माझी आठवण करा’ एवढंच म्हटलं, आणि त्याच दिवशी तो सुखलोकात गेला.

दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या (पाच शहाण्या, पाच मूर्ख) दृष्टान्तात एक गोष्ट सहज निसटते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी पेंगल्या आणि झोपी गेल्या. शहाण्यासुद्धा. प्रभू त्यांना झोपेबद्दल दोष देत नाही. फरक फक्त तेलाचा होता, आणि ते झोप लागायच्या आधीच भांड्यात होतं. मार्थाताई, तिसऱ्या ओळीला डोळा लागतो म्हणून तुम्ही मूर्ख कुमारी ठरत नाही. तेल म्हणजे पवित्र आत्मा असं कोणी म्हणतात, कोणी विश्वास म्हणतात. काहीही असो, ते जागरणाने तयार होत नाही.

दिवेलागण

कृपेचा_ऋणी, तुमचा आक्षेप मला हवाच होता. दोन रात्री त्यावर विचार केला.

जक्कय या जकातदाराची गोष्ट घ्या. प्रभूला पाहायला तो झाडावर चढलेला असतो. प्रभू झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कय घाईने खाली येतो आणि आनंदाने प्रभूला घरी नेतो. तोवर जक्कयाने एक नाणंही परत केलेलं नाही. म्हणजे कृपा आधी. मग तो उठून उभा राहतो आणि सांगतो, अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. त्यावर प्रभू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं. चौपटीने त्याने तारण विकत घेतलं नाही, हे बरोबर. पण समजा तो उठलाच नसता. प्रभू जेवून निघून गेला असता आणि फसवलेले लोक तसेच राहिले असते. तर प्रभू खरंच त्याच्या घरी आला होता असं आपण म्हटलं असतं का?

चोराचे हात खिळलेले होते, हे तुमचं वाक्य मला लागलं. माझे हात मोकळे आहेत.

नवी_पहाट

मी पहिल्यांदाच लिहितेय. काही चुकलं तर माफ करा.

मी नऊ-दहा वर्षांची होते तेव्हा एकदा शाळेतून घरी आले तर घरात कोणी नव्हतं. दार उघडं, चुलीवर भांडं. त्या आठवड्यात मुलांच्या सभेत लोक उचलले जाण्याबद्दल सांगितलं होतं. दोघे शेतात असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. मला वाटलं सगळे गेले आणि मी राहिले. मी खाटेखाली शिरून रडत माझी सगळी पापं मोठ्याने कबूल केली. आई शेजारी गेली होती, दहा मिनिटांत आली.

आता मी नोकरी करते, पण ती भीती अजून आहे. पुनरागमन म्हटलं की पोटात खड्डा पडतो. तुम्ही सगळे ‘तो येतोय’ असं आनंदाने लिहिता. मला खरं सांगायचं तर तो येऊ नये असं वाटतं. हे पाप आहे का?

सायंप्रार्थना

बाळ, नाही. ही एका लहान मुलीवर ठेवलेली धोंड आहे, आणि ज्यांनी ती ठेवली त्यांना कदाचित ठाऊकही नसेल.

मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केले. शेवटची पंधरा वर्षे, ज्यांच्यावर आता उपचार होणे नाही अशा रुग्णांसोबत. जगाचा शेवट कधी होईल मला माहीत नाही, पण एकेका माणसाचा शेवटचा काळ मी पुष्कळ वेळा खुर्ची ओढून जवळून पाहिला आहे. घाबरणारे सगळे अविश्वासी नव्हते, आणि शांत असणारे सगळे मोठे भक्तही नव्हते. ज्यांनी देवाला आयुष्यभर फक्त तपासनीस म्हणून ओळखले ते शेवटी फार तडफडत, मग ते मंडळीत कितीही पुढे असोत. ज्यांनी त्याच्याशी रोज थोडे तरी बोलणे ठेवले होते ते ओळखीच्या घरी जावे तसे जात. त्यांना काही सांगायचे असले तर ते बहुतेक माणसांविषयी असे. अमक्याला बोलवा. तमक्याला सांगा, मी रागावलो नाही.

१ योहान ४:१७-१८ वाच. न्यायाच्या दिवशी आपल्याला धैर्य असावे हे प्रीती पूर्ण झाल्याचे लक्षण आहे, आणि पूर्ण प्रीती भीती घालवून देते. भीतीने माणूस खाटेखाली शिरतो. घरचे माणूस आले म्हणजे आपण दाराशी जातो.

आणखी एक सांगते. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आपण प्रभूला भेटायला अंतराळात जाऊ असे म्हटले आहे. तिथल्या ‘भेटायला जाणे’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच कुमारी वराला भेटायला निघतात तिथे आहे, आणि प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्येही आहे. तिथे पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. तो येतो आहे हे ऐकून रोमचे बंधू कित्येक कोस चालत त्याला सामोरे आले. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला. अशा प्रकारचे भेटणे आहे ते. पहिल्या ख्रिस्ती लोकांची ‘मारानाथा’ ही अरामी प्रार्थना म्हणजे ‘आमच्या प्रभो, ये’. पौलाने ती ग्रीक पत्रातही तशीच ठेवली आहे. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याची वाट पाहत कोणी दारात उभे राहावे, तसा तिचा सूर मला वाटतो.

तुला ती प्रार्थना आज म्हणता येत नसेल तर म्हणू नकोस. ‘प्रभो, मला तुझी भीती वाटते’ एवढेच त्याला सांग. तेही बोलणेच आहे.

आणि मार्था, तुझ्यासाठी. मत्तय २५ च्या शेवटी नीतिमान लोक विचारतात, प्रभो, आम्ही तुला कधी भुकेला, आजारी पाहिले? त्यांना आठवतच नाही. आपण त्याची सेवा करत होतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. रात्री दोन वेळा तू कोणाची कूस बदलतेस याचा विचार कर.

मार्था

सायंप्रार्थनाताई, हे वाचून बराच वेळ रडले. आईला वाचून दाखवलं. तिला किती कळलं माहीत नाही, पण तिने माझा हात धरून ठेवला.

आगमनकाळ

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी भाषा जरा वेगळी वाटेल. आमच्याकडे नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळतात. पहिल्या रविवारी येशूच्या गोठ्यातल्या जन्माची गोष्ट नसते. त्या दिवशीचं शुभवर्तमान गौरवाने होणाऱ्या दुसऱ्या येण्याचं असतं. दरवर्षी मुलं गोंधळतात, पण मला तो क्रम आवडतो.

दोन गोष्टी उपयोगी पडतील म्हणून सांगते. एक, संत इग्नाती लोयोला यांनी सोळाव्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली ती. झोपण्यापूर्वी आधी दिवसभराबद्दल आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवस उलगडून पाहायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एक ठाम निश्चय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मोठा हिशेब साचतच नाही.

दुसरी गोष्ट दिवेलागण दादांसाठी. आमच्या शिकवणुकीत पापनिवेदनाने, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल केल्याने, क्षमा मिळते, पण जे दुसऱ्याचं घेतलं ते परत करण्याची जबाबदारी त्याने संपत नाही. देवाने मला क्षमा केली, आता विषय मिटला, असं भावाला सांगता येत नाही. कृपेचा_ऋणी यांच्या प्रश्नाचंही थोडं उत्तर यात आहे. ज्याचं घेतलं तो जगात नसेल तर त्याच्या वारसांना, आणि तेही नसतील तर गरिबांना द्यावं, असं आमचे धर्मगुरू सांगतात.

वाटसरू

‘उद्या जगाचा अंत आहे हे कळलं तरी मी आज सफरचंदाचं रोप लावीन.’ मार्टिन ल्यूथर. मला यात सगळं आलं असं वाटतं.

गव्हाचा_दाणा

वाक्य सुंदर आहे, पण ल्यूथरच्या लिखाणात ते सापडत नाही. त्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा १९४४ मधला आहे, जर्मनीतला, ऐन महायुद्धातला. मला तर हे कळल्यावर ते जास्तच मोलाचं वाटलं. ज्यांच्या भोवती शहरं जळत होती त्यांनी ते एकमेकांना सांगितलं.

त्याच अर्थाची एक प्रसिद्ध हकिगत मात्र आहे. १९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दिवसा अंधार पडला. जंगलातल्या वणव्यांचा धूर, जोडीला धुकं आणि ढग, हे कारण पुढे कळलं. त्या दिवशी मात्र अनेकांना वाटलं की न्यायाचा दिवस आला. कनेक्टिकटचं विधिमंडळ बसलं होतं. खालच्या सभागृहाने काम थांबवलं. वरच्या मंडळातही तोच विचार निघाला, तेव्हा अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे सभासद म्हणाले: न्यायाचा दिवस आला असेल किंवा नसेल. नसेल तर काम थांबवायचं कारण नाही. असेल तर मी माझं कर्तव्य करताना सापडावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून मेणबत्त्या आणाव्यात.

लूक १२ मधल्या धन्याची वाट पाहणाऱ्या चाकरांसारखं हे आहे, कंबर बांधलेली आणि दिवे लागलेले. आणि तिथे पुढे जे वचन आहे ते वाचताना दरवेळी मला थांबावं लागतं. धनी आला आणि ते जागे सापडले, तर तो स्वतः कंबर बांधून त्यांना जेवायला बसवील आणि त्यांना वाढील. जगातला कुठला धनी असं करतो?

नवी_पहाट

मी ते वचन शोधून वाचलं. लहानपणापासून कितीतरी सभा झाल्या, पण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तो वाढणार आहे.

कृपेचा_ऋणी

आगमनकाळ ताई, वारसांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मान्य करायला जरा अडखळलो, कारण आमच्यात अशी शिकवण मांडून सांगत नाहीत. पण काल मी एका माणसाच्या मुलीचा पत्ता शोधायला लागलो आहे. त्याच्याबद्दल मी एकदा खोटी साक्ष दिली होती आणि त्यात त्याचं काम गेलं. तो आता नाही. मुलीला काय सांगेन हे अजून ठरलेलं नाही. पण मला क्षमा मिळाली आहे म्हणूनच मी जातो आहे. क्षमा मिळवायला जात असतो तर पायच उचलला नसता.

दिवेलागण

तुम्हा सर्वांना कळवायला हवं म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात मी कागद काढून बसलो. तेव्हा जे मोजलं नव्हतं ते मोजलं. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं. बायकोला सगळं सांगितलं. हे आधी सांगायला हवं होतं, कारण यातलं अर्धं तिचंही आहे. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, मला वाटायचंच.

शनिवारी भावाकडे गेलो. आधी कळवलं नाही, कळवलं असतं तर तो नाही म्हणाला असता. दार त्याच्या मुलीने उघडलं. तिने मला ओळखलं नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा ती कडेवर होती.

मी उंबऱ्यातच सांगितलं. वाटणीत मी तुला फसवलं. चूक झाली, नजरचूक झाली, असं म्हणायचं मी घरून ठरवून निघालो होतो, पण तोंडातून ‘फसवलं’ हाच शब्द आला. हिशेबाचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, नऊ वर्षं लागली? मी हो म्हटलं. मग म्हणाला, विचार करून सांगतो. आणि दार लावून घेतलं, जोरात नाही.

रक्कम मी वेगळी काढून ठेवली आहे. तो घेईल की नाही माहीत नाही. घेतली तरी बोलेल की नाही तेही माहीत नाही. परतीच्या वाटेवर पहारेकरी यांचा तो तट आठवत होता. निदान आता तिथे मी उभा आहे.

पहारेकरी

दादा, आज रात्रीच्या प्रार्थनेत तुमचं आणि तुमच्या भावाचं नाव घेतो. नाव माहीत नाही, पण ज्याच्यापुढे घ्यायचं त्याला माहीत आहे. त्याचा निरोप आला की कळवा. मला माझ्या वडिलांना पत्र लिहायचं आहे, ते मी आज लिहायला बसतो.